नावातून नाव: पीएचपीमधील खतावणी

खात्याचे नाव आधी ठाऊक नसेल तर खाते उघडावे कसे? जमाखर्च लिहिणाऱ्यास हा प्रश्न पडत नाही. नवा व्यापारी आला की खतावणीत नवे पान घ्यावयाचे व वर त्याचे नाव लिहावयाचे. प्रोग्रॅममध्ये मात्र व्हेरिएबलची, म्हणजे चलांची, नावे लिहिणारा सहसा आधीच ठरवतो. रास्मुस लर्डॉर्फ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पीएचपी या वेबच्या भाषेत यावर एक सोय आहे. ती अशी:

$खाते = 'रोकड';
$$खाते = $रक्कम;

पहिल्या ओळीने $खाते या चलात 'रोकड' हा शब्द ठेवला. दुसऱ्या ओळीतील दोन डॉलर चिन्हांचा अर्थ असा, की $खाते मध्ये जो शब्द असेल त्याच नावाचे चल घ्या. म्हणजे रक्कम $रोकड या चलात जाते. (पीएचपीला देवनागरी नावे चालतात, कन्नड लिपीतीलही चालतात, आणि 'खाते' हा शब्द तर दोन्ही विभागांच्या वाचकांचा आहे!)

सोय गमतीची खरी, पण हिशेबाला गैरसोयीची. 'रोकड' पुढे चुकून एक मोकळी जागा पडली तर निमूटपणे दुसरेच चल तयार होते आणि ताळा जुळत नाही. शिवाय सर्व खात्यांची बेरीज करावयाची तर ही सुटी पाने गोळा कशी करणार? त्यापेक्षा बांधलेली वही बरी. तिला अ‍ॅरे म्हणतात:

$खतावणी[$खाते] = $रक्कम;

नाव येथेही ऐनवेळी ठरते, पण सर्व नोंदी एकाच वहीत राहतात, मोजता येतात, ओळीने वाचता येतात. मोकळी जागा येथेही घोटाळा करील, पण वही चाळताना तो दिसेल.

खरा धोका मात्र नाव बाहेरचा माणूस देतो तेव्हा. पीएचपीत पूर्वी 'रजिस्टर ग्लोबल्स' नावाची व्यवस्था होती. फॉर्ममधील किंवा पत्त्याच्या ओळीतील प्रत्येक नावाचे आपोआप चल होई. प्रोग्रॅममध्ये पासवर्ड जुळल्यावरच $मंजूर खरे करावयाचे असे लिहिले, पण आरंभी त्यास खोटे ठरविले नाही, तर कोणीही पत्त्याच्या शेवटी 'मंजूर' हे नाव व एक हा आकडा जोडून आत शिरे. म्हणजे गिऱ्हाइकानेच येऊन आमच्या वहीत आपल्या नावे जमा लिहावी तसे! २००२ मध्ये, ४.२ आवृत्तीपासून, ही व्यवस्था मुळात बंद ठेवलेली येऊ लागली आणि २०१२ च्या ५.४ मध्ये ती काढूनच टाकली. 'एक्स्ट्रॅक्ट' हे फंक्शन मात्र आजही आहे. फॉर्ममधून आलेला अ‍ॅरे त्याच्या हाती जसाच्या तसा दिला, तर तेच दार पुन्हा उघडते.