सगळ्यांच्या शेवटी जेवू नकोस

चि. सौ. वैशालीस,


तुला चौथा महिना लागल्याचं तुझ्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं आणि त्याच बोलण्यात तुझं हिमोग्लोबिन 9.5 आल्याचंही. पहिल्या बातमीने फार आनंद झाला. लिहायला बसले ती दुसरीमुळे. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं समजतात. ‘सगळ्याच बायकांचं कमी असतं’ असं तुला कुणीतरी सांगेलच. खोटं नाही ते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. पण पुष्कळांना असतो म्हणून तो साधा ठरत नाही. बाळंतपणात थोडंफार रक्त जातंच आणि मुळात कमी असलेल्या बाईला तेवढंही झेपत नाही. आरोग्यसेविका म्हणून मी हे फार जवळून पाहिलंय गं.

उपकेंद्रातून मिळणारी लाल गोळी नेमाने घे. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. एरवी रोज एक, निदान 180 दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. तुझं रक्त कमी असल्याने डॉक्टर बहुधा रोज दोन सांगतील. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घे. शौचाला काळी होते, त्याला भिऊ नकोस. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी घे आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर तरी चहा नको. दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं पाणी चालेल, ते उलट मदतच करतं.

या गोळीतल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू झाली. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर 1928 च्या सुमारास तिथे आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासू लागल्या. त्या बायका रोज काय जेवतात, हेही त्यांनी पाहिलं. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असं त्यांनी 1931 मध्ये मांडलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. गरोदर बाईच्या ताटात काय पडतं हे बघणं इतकं मोलाचं आहे, वैशाली.

आणि तुझ्या ताटात काय पडतं, हीच माझी काळजी. पुरुषांची, पोरांची, पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर तू बसतेस. तोवर उसळ संपलेली असते, पातेल्याच्या तळाशी रस्सा उरतो आणि तू त्यात भाकरी कुस्करून उठतेस. हे आजपासून बंद कर. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव, माझं नाव सांगून. दोन जिवांचं खायचं म्हणजे दुप्पट नव्हे. रोजच्या जेवणावर एक भाकरी आणि वाटीभर मोडाची मटकी वाढली तरी पुष्कळ. बाजरी, हरभऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, शेंगदाणे आणि चालत असतील तर अंडी, हे सगळं गावातच मिळतं. महागड्या डब्यातल्या पावडरीवर पैसे घालू नकोस.

‘बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल, आता कमी खा’ असं शेवटच्या महिन्यांत सांगतील. ऐकू नकोस. बाळाचं वजन मुख्यतः त्याच तीन महिन्यांत भरतं आणि आई अर्धपोटी राहिली तर ते अशक्त जन्मतं. संकष्टीचे, एकादशीचे उपास यंदा सोड. तुमच्याकडे बायका मिश्री लावतात. तीही तंबाखूच आहे, बोटाला लावू नकोस.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नकोस. अंगावरून रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसलं किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावली, तर रात्र असो की दिवस, लगेच दवाखाना गाठ. महिन्याने रक्त पुन्हा तपासशील, तेव्हा आकडा मला फोन करून सांग. जावईबापूंना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
आत्या