वृद्ध श्वानांची परीक्षा

लोखंडाचा खिळा पावसात पडून राहिला, तर काही दिवसांत त्यावर तांबूस गंज चढतो. डब्यातील तेल जुने झाले, म्हणजे त्याला खवट वास येऊ लागतो. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच वायू असतो. तो म्हणजे प्राणवायू. ज्याच्यावाचून मनुष्य काही मिनिटेही जगू शकत नाही, तोच वायू पदार्थांची अशी झीजही घडवून आणतो.

शरीराच्या आतही असेच घडते. चुलीत लाकूड जळले, म्हणजे उष्णता मिळते. परंतु त्याबरोबर ठिणग्याही उडतात. त्याचप्रमाणे पेशींमध्ये अन्नापासून शक्ती निर्माण होते, तेव्हा प्राणवायूपासून काही अतिशय चंचल कणही तयार होतात. त्यांना ‘मुक्त मूलके’ असे म्हणतात. या ठिणग्यांपैकी बहुतेक शरीर तेथल्या तेथे विझवून टाकते. तथापि वय वाढते, तसतसे हे काम मंदावते आणि झीज साठत जाते.

मेंदूला हा धोका विशेष असतो. त्याचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. शिवाय त्यात स्निग्ध पदार्थ पुष्कळ असतात आणि तेलाप्रमाणेच त्यांनाही ही झीज लवकर बाधते. उतारवयात आजोबा चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधतात. आजीला ओळखीच्या माणसाचे नाव आठवत नाही. अशा विसराळूपणाची कारणे अनेक असतात. ही झीज त्यांपैकी एक होय, असे शास्त्रज्ञ मानतात.

मग ही झीज अटळच समजावी काय? कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे विल्यम मिलग्रॅम, अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कार्ल कॉटमन आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा शोध घेतला. कुत्र्यांचीही स्मृती वार्धक्यात मंद होते. म्हणून त्यांनी बीगल जातीच्या वृद्ध कुत्र्यांचे चार गट केले. प्रारंभी चारही गटांची बुद्धी सारखीच होती.

पहिल्या गटाला नेहमीचे अन्न व नेहमीचाच दिनक्रम ठेवला. दुसऱ्या गटाच्या अन्नात क आणि ई ही जीवनसत्त्वे, तसेच पालक, गाजर, टोमॅटो, द्राक्षे व लिंबाच्या जातीची फळे यांचे अंश मिसळले. तिसऱ्या गटाला अन्न नेहमीचेच दिले. परंतु सोबतीला दुसरा कुत्रा, खेळायला खेळणी, सोडवायला कोडी आणि आठवड्यातून दोन वेळा बाहेर फेरफटका, अशी व्यवस्था केली. चौथ्या गटाला दोन्हींचा लाभ मिळाला.

एक वर्षाने परीक्षा झाली. कुत्र्यासमोर एक मोठा व एक लहान ठोकळा ठेवीत. त्यांपैकी एकाखालीच खाऊ मिळे. कोणता ठोकळा निवडावयाचा हे कुत्रा शिकला, की नियम उलटा केला जाई. जुने विसरून नवे शिकणे वृद्धांना नेहमीच कठीण जाते. दुसऱ्या वर्षाअखेर काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांची अशीच परीक्षा झाली. दोन्ही वेळा वृद्ध कुत्र्यांमध्ये चौथा गट सर्वांत सरस ठरला. २००५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

माणसांचे काय? त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्मृती मंदावू लागलेल्या ७६९ स्त्री-पुरुषांचा तीन वर्षे अभ्यास केला होता. त्यांपैकी काहींना ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी विस्मृतीचा रोग टळला नाही. औषधाच्या बाटलीतून तरतरीत मेंदू विकत घेता येत नाही, हे यावरून ध्यानात येते.

मात्र २०११ साली अमेरिकेतील १२० प्रौढ व वृद्ध माणसांनी दिलेली साक्ष निराळी आहे. त्यांपैकी निम्मे लोक वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटे झपझप चालले. उरलेल्यांनी केवळ अंग ताणण्याचे सौम्य व्यायाम केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित असलेला भाग सुमारे २ टक्के वाढला होता. इतरांचा तोच भाग किंचित आकसला होता.

व्यायाम करताना प्राणवायू अधिक लागतो, म्हणजे ठिणग्याही अधिक उडावयाच्या. मग लाभ कसा होतो? ज्या गावाला आगीशी झुंजण्याचा सराव असतो, ते गाव पाणी व माणसे सदैव सज्ज ठेवते. नियमित व्यायामाने शरीरही ठिणग्या विझवण्याची आपली शक्ती अशीच वाढवते.

वार्धक्य कोणालाही चुकलेले नाही. परंतु ताजी भाजी, फळे, नित्याचे चालणे, नवे शिकण्याची आवड आणि माणसांची सोबत यांनी त्याचा भार पुष्कळ हलका होऊ शकतो. सायंकाळी आजोबांचा हात धरून त्यांना फिरावयास नेणारा नातू त्यांना चालणे आणि सोबत ही दोन्ही एकाच वेळी देत असतो.

अभ्यास

१. मेंदूला प्राणवायूमुळे होणारी झीज लवकर का बाधते?
२. कुत्र्यांच्या चार गटांत कोणता फरक ठेवला होता? तो तसा का ठेवला असावा?
३. आगीशी झुंजणाऱ्या गावाचा दृष्टान्त पाठात कशासाठी दिला आहे?