शेतकरी कुटुंबातील जुनाट त्वचारोग : ओळख व उपचार

कर्जत व खालापूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. चिखलणी आणि लावणीच्या दिवसांत घरातील बहुतेक माणसे दिवसभर खाचरात असतात व ओले कपडे अंगावरच वाळतात. आषाढात सुरू झालेली खाज मग दिवाळीनंतर भात झोडून झाले तरी जात नाही. दुकानातून आणलेल्या मलमाने चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच.

भातावर करपा पडला की कडा करपा, हे पाहिल्याशिवाय आपण औषध आणत नाही; कारण करपा बुरशीमुळे होतो, तर कडा करपा जिवाणूमुळे. अंगावरील रोगाचेही तसेच आहे. खाज सर्वांत सारखीच असली तरी कारणे वेगळी असतात. म्हणून रोग आधी ओळखावा, मग उपचार पूर्ण करावा.

१) चिखल्या

सतत पाण्यात राहिल्याने बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडते, फाटते व आग होते. तेथे पुढे बुरशी व जिवाणू वाढतात. खाचरातून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या पुसाव्यात. बुरशीनाशक मलम सकाळ-रात्र लावावे व रात्री पाय उघडे ठेवावेत. पायावर जखमा असताना लावणी केली आणि पुढे ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणे अशी लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे व शेतात काम केल्याचे सांगावे. फाटलेल्या कातडीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरू शकतात.

२) गजकर्ण किंवा नायटा

जांघ, कंबर, काख आणि परकराची नाडी बसते ती जागा येथे हा रोग जास्त दिसतो. गोल चट्टा, लाल व उंच कडा आणि मध्यभागी त्यामानाने स्वच्छ कातडी ही त्याची खूण आहे. हा बुरशीचा रोग आहे.

खरे नुकसान होते ते चुकीच्या मलमाने. अनेक मलमांत बुरशीनाशक व जिवाणूनाशकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडने खाज व लाली दोन दिवसांत कमी होते, पण बुरशी मरत नाही. उलट त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्याने ती पसरते. चट्ट्याचा आकार बदलतो व डॉक्टरांनाही रोग ओळखणे अवघड जाते. कातडी पातळ होऊन त्यावर कायमचे पट्टे पडतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव असेल, तर ते मलम गजकर्णावर लावू नये. नाव इंग्रजीत बारीक छापलेले असल्यास घरातील शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावे. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे.

एकच कीटकनाशक वारंवार व अपुऱ्या मात्रेत फवारल्यास कीड त्याला दाद देत नाही, हे आपण जाणतो. गजकर्णाच्या बुरशीचेही तसेच झाले आहे. टर्बिनाफाइन या औषधाला न जुमानणारी बुरशी भारतात पसरली असून 2020 मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव देण्यात आले.

उपचार : स्टेरॉइड नसलेले बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे ते चालू ठेवावे. चट्टे मोठे किंवा जुने असल्यास डॉक्टर काही आठवडे गोळ्या देतात. त्या मध्येच सोडू नयेत. गरोदरपण किंवा यकृताचा आजार असल्यास आधी सांगावे. टॉवेल व अंथरूण वेगळे ठेवावे. पावसात कपडे नीट वाळत नसतील तर शिवणीवर इस्त्री फिरवावी. वासराच्या डोळ्यांभोवती किंवा मानेवर राखाडी, गोल खपल्या दिसल्या तर पशुवैद्यकास दाखवावे. हा रोग जनावरापासून माणसालाही लागतो.

३) खरूज

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व बेंबीभोवती पुरळ आणि घरात एकापेक्षा अधिक जणांना त्रास, ही खरजेची लक्षणे आहेत. कातडीत बीळ करणारा सूक्ष्म किडा हे तिचे कारण.

परमेथ्रिन ५ टक्के मलम रात्री मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा लावावे व आठ ते बारा तासांनी अंघोळ करावी. सात दिवसांनी हेच पुन्हा करावे. तान्ह्या मुलासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. घरातील सर्वांनी, खाज नसली तरी, एकाच रात्री मलम लावणे आवश्यक आहे. एक जण राहिला तर सर्वांना पुन्हा खरूज होते. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. गोचिडाचे किंवा पिकावरचे औषध अंगाला कधीही लावू नये. त्याने विषबाधा होते.

४) इसब व सोरायसिस

बांधावरील गाजरगवताच्या संपर्काने चेहरा, पापण्या, मान व कोपराच्या लवणीत इसब होते. हे गवत फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उपटावे. इसबावर बिब्बा लावू नये. त्याने कातडी भाजते. गजकर्णात घातक ठरणारे स्टेरॉइड इसबात मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवसच, उपयोगी पडते.

कोपर, गुडघे व डोक्यावर चंदेरी पापुद्रे सुटणारे जाड चट्टे सोरायसिसचे असू शकतात. हा रोग संसर्गजन्य नाही. तो समूळ जात नसला तरी उपचारांनी आटोक्यात राहतो. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

५) न खाजणारा चट्टा

फिकट किंवा लालसर, न खाजणारा चट्टा बहुतेक जण अंगावर काढतात. डोळे मिटून त्यावर कापसाचे टोक फिरवावे. स्पर्श कळला नाही तर कुष्ठरोगाची तपासणी तातडीने करावी. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो व प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. वेळेवर उपचार घेतल्यास हातापायात विकृती येत नाही. विळा आणि नांगर धरणारा हात शाबूत राहतो. हा रोग लपवू नये.

ध्यानात ठेवा

• दोन आठवड्यांत फरक नसेल तर कर्जत, कशेळे किंवा चौक येथील शासकीय रुग्णालयात दाखवावे.
• आतापर्यंत लावलेल्या सर्व मलमांच्या ट्यूब सोबत न्याव्यात.
• शेजाऱ्याला लागू पडलेले मलम आपल्याला चालेलच असे नाही.
• खाज थांबली म्हणजे रोग गेला असे समजू नये. सांगितलेली मुदत पूर्ण करावी.