भिंतीवरचे लिहिणे



आपण आता लिहू-वाचू लागलो आहोत. पहिल्या दिवशी पाटीवर 'ग' काढताना हात कसा थरथरत होता, ते आठवते ना? आज आपण अशा बायकांची हकीकत वाचू, ज्यांना एक अक्षर येत नव्हते, तरी त्या भिंतीवर 'लिहीत' होत्या.

आपली खडवली भातसा नदीच्या काठी आहे. आता इथे सिमेंटची घरे झाली. पण थोरांना आठवत असेल, पूर्वी पाड्यावरची घरे कुडाची असत. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर शेणमातीचा लेप द्यायचा, की झाली भिंत. वारली लोकांच्या घरी लग्नात या भिंतीवर पांढरी चित्रे निघत. माणसे, बैल, झाडे, डोंगर, मोर. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असतील. कुणाच्या आजीने काढलीही असतील.

लग्नाचा चौक

वारली घरात लग्न ठरले की भिंतीवर चौक काढतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तो कोणी काढायचा? सवाशिणींनी. पुरुषांनी नव्हे.

आधी भिंत शेणाने सारवतात. तिच्यावर गेरूचा हात देतात. तांदूळ वाटून त्यात पाणी घालतात. हा झाला पांढरा रंग. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले, की झाला कुंचला. बाजारात जायला नको की पैसा खर्चायला नको.

चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. ती झाडापिकांची आणि लेकराबाळांची देवी. जवळच लहान चौक असतो. त्यात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. भोवती सगळा गाव येतो. कोणी ताडावर चढतो आहे, कोणी भात कांडते आहे. तारपा वाजतो आहे आणि त्याच्याभोवती बायापुरुष फेर धरून नाचत आहेत.

माणूस काढायची रीत अगदी सोपी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढायचे. वरचा त्रिकोण म्हणजे छाती, खालचा म्हणजे कंबर. डोके गोल. हातपाय म्हणजे चार रेघा. एवढ्यावर माणूस नाचू लागतो!

चौक निघत असताना बायका गाणी म्हणतात. लग्न लावते ती धवलेरी. तीही बाईच. म्हणजे चित्र बायकांचे, गाणे बायकांचे आणि लग्न लावणारीही बाईच. या कामाला 'चौक लिहिणे' म्हणतात. पाहा, अक्षर ठाऊक नव्हते, पण लिहिणे ठाऊक होते.

दूर उत्तरेतल्या भिंती

असेच लिहिणे दूर उत्तरेत बिहारमध्येही आहे. तिथे नेपाळच्या सीमेला लागून मिथिला नावाचा मुलूख आहे. सीतामाईचे ते माहेर. तिथेही मातीची घरे, तिथेही लग्नाच्या वेळी बायका भिंत रंगवतात. नवरा-नवरीच्या खोलीला कोहबर म्हणतात. तिच्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे, कासव आणि पोपट काढतात. आणि नवल असे, की त्या बायकाही 'चित्र काढले' म्हणत नाहीत. 'लिहिले' म्हणतात.

१९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरे पडली. आर्चर नावाचे इंग्रज अधिकारी नुकसान पाहायला गेले. पडक्या घरांतून आतल्या भिंती उघड्या पडल्या होत्या. त्यांवरची चित्रे पाहून ते थक्क झाले. बाहेरच्या जगाला ही कला तेव्हा कळली.

पुढे १९६६-६७ साली तिथे भयंकर दुष्काळ पडला. लोकांच्या पोटाला अन्न नव्हते. तेव्हा सरकारच्या हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे धाडले. त्यांनी बायकांना कागद दिले. म्हणाले, भिंतीवर काढता तेच कागदावर काढा. भिंत विकता येत नाही, पण कागद विकता येतो. चित्रे विकली गेली आणि घरात पैसा आला. पुढे जगदंबादेवींना १९७५ साली, सीतादेवींना १९८१ साली आणि गंगादेवींना १९८४ साली सरकारने पद्मश्री दिली.

कागद आपल्याकडे आला

हेच भास्कर कुलकर्णी १९७० नंतरच्या वर्षांत डहाणूच्या वारली पाड्यांवर आले. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. इथेही त्यांनी कागद वाटले. कागद आल्यावर पुरुषही चित्रे काढू लागले. त्यांत गंजाडचे जिव्या सोमा मशे होते.

जिव्याभाऊंची आई ते लहान असतानाच वारली. त्या दुःखाने पोर बोलेनासे झाले. काय हवे ते धुळीत रेघा ओढून सांगे. त्याच रेघांनी पुढे त्यांना मोठे केले. त्यांनी लग्नाच्या चौकापलीकडची चित्रे काढली. मासे धरायचे जाळे काढले, मुंग्यांचे वारूळ काढले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ साली पद्मश्री. त्यांची चित्रे परदेशात गेली. २०१८ साली ते वारले.

नाव कोणाचे?

आता माझ्या मनातली गोष्ट सांगतो. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे पाहायला जगभरचे लोक येतात. ती कोणी काढली? त्या चितारींची नावे कोणालाच सांगता येत नाहीत. आपल्या पाड्यांवर ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावे तरी कुठे आहेत? पाऊस आला, भिंत ओली झाली, चौक पुसला. बाईचे नावही त्याबरोबर गेले.

भिंतीवर नाव नव्हते, तरी नुकसान नव्हते. चौक घरचा होता, विकायचा नव्हता. आता चित्र बाजारात गेले. तिथे नावाला मोल आहे.

शेजारच्या पाड्यावरच्या एका बाईची हकीकत सांगतो. तिने एका व्यापाऱ्याला सहा चित्रे काढून दिली. त्याने पैसे दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला. वर्षाने तिचीच चित्रे तिला पिशव्यांवर छापलेली दिसली. तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. मी वाचून दाखवला. चित्रे हवी तितकी छापण्याचा हक्क तिने देऊन टाकला होता. ती इतकेच म्हणाली, "मास्तर, हा कागद मला तेव्हा वाचता आला असता तर?" मला उत्तर देता आले नाही. आज ती आपल्या वर्गात येते.

२०१४ साली वारली चित्रकलेची सरकारदरबारी नोंद झाली. दुसऱ्या मुलखातल्या कोणी माल काढून त्याला वारलीचे नाव लावू नये, म्हणून ही नोंद आहे. ती कलेला राखते. पण चित्र कोणत्या बाईने काढले, हे ती नोंद सांगत नाही. ते आपल्यालाच लिहावे लागते.

म्हणून चित्र काढणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्या. चित्राखाली आपले नाव, गाव आणि साल लिहावे. कागद पुरता वाचल्याशिवाय सही करू नये, आणि सही केलीच तर त्याची एक प्रत घरी ठेवावी. चित्र विकत घेणारांनीही काढणाऱ्याचे नाव विचारावे.

आणि घरी म्हातारी आजी असेल, तर आज तिच्याजवळ बसा. तिने कोणाकोणाच्या लग्नात चौक लिहिला, ते विचारा. वहीत टिपून ठेवा. वर तिचे नाव घाला.

शब्दांचे अर्थ
कूड – काठ्यांची, शेणमातीने लिंपलेली भिंत
गेरू – तांबडी माती
तारपा – भोपळा व बांबू यांचे फुंकून वाजवायचे वाद्य
चितारी – चित्रे काढणारा

उत्तरे सांगा
१. लग्नाचा चौक कोण काढते? रंग कशाचा करतात?
२. बिहारमधल्या बायकांना कागद का दिले?
३. अंगठा देण्यापूर्वी त्या बाईने काय करायला हवे होते?
४. आपल्या घरातल्या एका कलावंत बाईचे नाव वहीत लिहा. तिला काय येते, ते दोन ओळींत लिहा.