अंगणवाडीचे सागवान कुठून घ्यावे?

प्रश्न : ग्रामपंचायतीला अंगणवाडीसाठी सागवानी दारे-खिडक्या करायच्या आहेत. एक व्यापारी स्वस्तात लाकूड देतो म्हणतो. घ्यावे का?
– एक सरपंच, घाटंजी तालुका

उत्तर : कागद नसेल, तर मुळीच घेऊ नका. आपल्या जिल्ह्याचे सागवान नावाजलेले, म्हणूनच चोरतोडीचे भय मोठे. सार्वजनिक पैशातून असे लाकूड घेणे म्हणजे स्वतःच्याच जंगलावर कुऱ्हाड चालवणे.

सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे वनविभागाच्या किंवा १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या आगारातला लिलाव. व्यापाऱ्याकडून घ्यायचे असेल, तर ओंडक्याच्या तोंडाशी उमटलेला हातोड्याचा शिक्का स्वतः पाहा. वाहतूक परवान्यावरची नगसंख्या आणि मापे मालाशी जुळवा. चिरलेल्या लाकडावर शिक्का उरत नाही. तिथे आरागिरणीचे बिल आणि मूळ परवान्याची प्रत मागा. शेतकऱ्याचे मालकी सागवानही चालेल, पण तोडीची परवानगी हवी. त्यासाठी १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे.

या अटी निविदेतच लिहा आणि प्रती दप्तरी ठेवा. जुन्या इमारतीच्या चौकटी शाबूत असतील, तर आधी त्याच वापरा. लाकूड जिथून आले ती जागा ग्रामसभेत सांगता आली, तरच खरेदी चोख समजा.