कृतज्ञ कोणास म्हणावे?



गेल्या वर्षी आश्विन महिन्यात मराठवाड्यातील एका गावी सप्ताहात आमचे प्रवचन होते. विषय होता 'देवाचे उपकार'. प्रवचन आटोपले, आरती झाली, मंडळी उठू लागली; तोच मागे बसलेली एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, एक इचारू का? औंदा सोयाबीन पाण्यात गेलं. सासूबाई सहा महिन्यांपास्नं अंथरुणाला हायेत. थोरल्याला काम न्हाई. तुम्ही म्हणता, देवाचे उपकार माना. मानते. पर ते नेमके कशाचे मानायचे, तेवढं सांगा."

आम्ही ठरलेले उत्तर दिले. प्रारब्ध भोगून संपवावे, देवाच्या इच्छेत समाधान मानावे, असे चार शब्द बोललो. लोकांनी माना डोलावल्या. बाई खाली बसली. पण तिचे समाधान झाले नव्हते, हे तिच्या तोंडावर दिसत होते. आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. त्या दिवशी जे सांगावयास हवे होते आणि सांगता आले नाही, ते आज या पाठात मांडतो.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. आम्हांस पाठशाळेत लागलेली खोड अशी की, अडले की आधी शब्द फोडून पाहावा. 'कृतज्ञ' या पदात दोन भाग आहेत. कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. याच्या उलट 'कृतघ्न'. त्यात हन् धातू आहे. केलेल्याचा जो घात करतो, ते मारून टाकतो, तो कृतघ्न. आता गंमत पाहा. या शब्दात सुख कोठेच नाही. आनंदी असेल तो कृतज्ञ, असे शब्द म्हणत नाही. ज्याचे सगळे चांगले चालले आहे तो कृतज्ञ, असेही म्हणत नाही. कृतज्ञता ही मनाला येणारी भरती नव्हे. ती जाणण्याची गोष्ट आहे. आणि जेथे 'कृत' आहे, तेथे कोणी तरी कर्ता असलाच पाहिजे. म्हणून कृतज्ञ मनुष्य एकच प्रश्न विचारतो: हे कोणी केले?

हा प्रश्न घेऊन आता आपण घरात शिरू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच 'सूना' सांगितल्या आहेत. सूना म्हणजे जेथे जीव मरतात ती जागा. चूल, जाते किंवा पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा, या त्या पाच जागा. तेथे नकळत बारीक जीव मरतात, म्हणून गृहस्थाने त्याची फेड करण्यासाठी रोज ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ असे पाच यज्ञ करावेत, असा तेथील अभिप्राय. म्हणजे आपले रोजचे जेवण फुकट नाही. त्याच्यामागे देणे आहे, हे शास्त्राने आधीच सांगून ठेवले आहे.

आता मराठी कानाला 'पाच सूना' म्हटले की घरच्या सुनाच आठवतात. कीर्तनात हे सांगितले की माणसे हसतात. पण ऐकणाऱ्याची चूक फार मोठी नाही. त्या पाचही जागी पहाटेपासून उभी असते ती घरची सूनच. आता चुलीच्या जागी गॅस आला, जात्याच्या जागी गिरणी आली, कोठे कोठे नळ घरात आला. साधने बदलली, पण पाच कामे सुटली नाहीत. आणि ही कामे अशी आहेत की ती झाली तर दिसत नाहीत. न झाली तरच दिसतात. घडा भरलेला असला तर कोणी त्याच्याकडे बघत नाही. रिकामा असला की, "पाणी का नाही?" म्हणून आवाज चढतो. घरातले पुष्कळसे 'कृत' हे असे न दिसणारे आहे, म्हणून घरात कृतज्ञ होणे देवळात कृतज्ञ होण्याहून अवघड आहे.

येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

पुष्कळ वर्षे आम्ही तुकोबांचे चरित्र कीर्तनात लावीत आलो. त्यात जिजाईचा प्रसंग आला की आम्ही आवाज बारीक करून, हातवारे करून तिचे भांडण वठवीत असू. सभा खदखदा हसे. आम्हांसही ते बरे वाटे. पुढे २०२० साली साथ आली. त्या वर्षी आणि २०२१ सालीही पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी. च्या गाडीने पंढरीस गेल्या. सप्ताह बंद, कीर्तने बंद. उभ्या जन्मात आम्ही सलग इतके महिने घरी राहिलो नव्हतो. एके दिवशी दुपारी जुना फडताळ आवरताना दुधाच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. घरी दोन म्हशी असत, आणि त्यांचे दूध आमच्या घरातून डेअरीला घालत असत, एवढे आम्हांस ठाऊक होते. पण घर चालते ते आमच्या शेताच्या उत्पन्नावर, असा आमचा समज होता. वही चाळू लागलो. मुलाची फी. सासूबाईंचे औषध. पत्र्याची दुरुस्ती. आणि २००३ सालच्या वहीत एक ओळ: 'ह्यांना वारीला, रुपये ३००.'

ते साल आम्हांस चांगले आठवत होते. पाऊस ओढला होता, हातात पैसा नव्हता, वारी चुकते की काय असे झाले होते. निघण्याच्या आदल्या रात्री देवापुढच्या डब्यात वाटखर्चापुरते पैसे निघाले. आम्ही पांडुरंगास साष्टांग दंडवत घातले. त्यानेच सोय केली म्हणून तो प्रसंग पुढे कित्येक कीर्तनांत दृष्टांत म्हणून सांगितलाही.

आम्ही वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, "अगं, हे तू कधी बोलली नाहीस?"

ती भाकरी थापीत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"

बाकी काही नाही. ना राग, ना टोमणा. पण त्या दिवसापासून जिजाईचा आवाज काढणे आमच्या तोंडून बंद झाले. पांडुरंगाने सोय केली हे खोटे नव्हते; ती कोणाच्या हातून केली, एवढे मात्र आम्ही सतरा वर्षे पाहिले नव्हते. देवाचे उपकार मानले आणि ज्या हातांतून ते आले ते हात ओलांडून पुढे गेलो. याला कृतज्ञता म्हणावे काय? शब्दाचा अर्थ लावून पाहिले, तर नाही म्हणावे लागते. केलेले आम्ही जाणलेच नव्हते.

आता संतांच्या घराकडे पाहू. नामदेवरायांचे घर मोठे. आई गोणाई, पत्नी राजाई, चार मुलगे, सुना आणि त्याच घरात जनाबाई. गोणाईच्या आणि राजाईच्या नावे असलेले अभंग नामदेवांच्या गाथ्यात आहेत, आणि त्यांत संसाराची तक्रार सरळ सरळ आहे. संप्रदायाने त्या तक्रारी पुसून टाकल्या नाहीत. भक्तीच्या शब्दांशेजारी त्यांना जागा दिली. संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत पतीचा राग आणि मारहाण लपवून ठेवली नाही. तेव्हा कृतज्ञ माणसाने तोंड मिटून सोसावे, असा संतांचा दंडक दिसत नाही. एखाद्या लेकीस घरात त्रास आहे, आणि आपण तिला म्हणतो, "देवाने दिले त्यात समाधान मान." हा उपदेश तिच्या सोयीचा नसतो, आपल्या सोयीचा असतो.

येथे कोणी शंका घेईल की, तुकोबांनी तर आपल्या दिवाळ्यालाही बरे म्हटले आहे. दुष्काळाने पीडा केली, बायको गेली, संसाराची वाताहत झाली, हे सगळे देवाच्या वाटेला लावणारे ठरले असे ते म्हणतात. मग दुःखाचेही उपकार मानावेत, असेच नाही का ठरत?

शंका रास्त आहे. समाधान असे. इ. स. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. तुकोबांची पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, व्यापार बसला. पुढे हे सर्व मागे पडल्यावर, स्वतःकडे पाहून, त्यांनी ते उद्गार काढले. पण ते कोणाविषयी काढले? स्वतःविषयी. शेजारी उपाशी बसलेल्या माणसाकडे जाऊन, "तुझे दिवाळे निघाले, फार बरे झाले," असे तुकोबा कोणास म्हणाले नाहीत. उलट परंपरा सांगते की त्यांनी सावकारीची खते काढली, धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा त्यास दिला, आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. म्हणजे स्वतःच्या दिवाळ्याला बरे म्हणणारे तुकोबा दुसऱ्याचे दिवाळे मात्र निघू देत नाहीत. त्याचे कर्ज बुडवतात. हा विवेक आपण धरला पाहिजे. स्वतःच्या दुःखाचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. दुसऱ्याच्या दुःखाचा भार आपण हलका करावा.

आणि जिजाईकडेही एकदा नीट पाहावे. तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसत. ती मागून भाकरी घेऊन डोंगर चढे. वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि तो विठोबाने काढला, अशी कथा आहे. आम्ही ही कथा देवाच्या दयाळूपणासाठी सांगतो. पण देव तिच्या पायाशी का बसला? ती देवाला बोल लावीत होती, तरी भाकरी पोचवीत होती म्हणून. कोणी न जाणलेले तिचे ते 'कृत' देवाने जाणले. या अर्थाने कथेत पहिला कृतज्ञ विठोबाच आहे.

आता त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर. सोयाबीन पाण्यात गेले, त्याचे उपकार मानावयाचे नाहीत. त्याचा पंचनामा करून घ्यावा, विमा असेल तर त्यासाठी खेटे घालावेत, आणि देवाशी भांडावेसे वाटले तर भांडावे. तो ऐकून घेतो. पण दुःखाच्या दिवसांतही घरात 'कृत' थांबलेले नसते. पाण्यातून चार पेंढ्या ओढून काढताना बांधावर कोण आले होते? सासूबाईंची कूस रात्री कोण बदलते? थोरला रिकामा बसलेला असला तरी आजीला उचलून उन्हात कोण नेतो? आणि सासूबाईंनीही कधी काळी याच सुनेच्या बाळंतपणात रात्री जागवल्या असतील. उपकार मानायचे ते यांचे. नुकसानीत काही चांगले शोधून काढावयाचे नाही. नुकसानीच्या भोवती उभी असलेली माणसे ओळखावयाची आहेत. त्यांच्या रूपाने देव घरात काम करीत असतो, ही आमची श्रद्धा आहे.

यासाठी साधन काय? आपल्या संप्रदायात ते तयारच आहे, फक्त ते उंबऱ्याबाहेर राहते. आळंदीहून पंढरीस जाताना दिंडीत अनोळखी माणसालाही आपण 'माउली' म्हणतो. लहान-मोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. कोणी तांब्याभर पाणी दिले तरी हात जोडतो. आणि घरी आल्यावर? तोच तांब्या घरची माणसे आयुष्यभर देतात, त्यांना माउली म्हणावयास जीभ अडते.

म्हणून एक लहानसा नेम सांगतो. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर क्षणभर थांबावे. आज माझ्यासाठी कोणी काय केले, ते नाव घेऊन आठवावे. 'सगळ्यांनी सगळे केले' असे मोघम नको. मग त्यातील एक गोष्ट त्या माणसाला तोंडाने सांगावी: "तू आज हे केलेस, ते मला कळले." आणि तिसरे, त्या पाच जागांपैकी एका जागेचे काम आपल्या हाताने करावे. घडा भरावा, केर काढावा. पुरुषमंडळींनी हे तिसरे विशेष ध्यानात ठेवावे. आम्ही म्हातारपणी पाणी भरावयास लागलो, तेव्हा हंड्याचे वजन किती असते ते प्रथम कळले. जाणणे हे असे हाताने सुरू होते.

घर आहे तेथे चढ-उतार राहणारच. एक वर्ष धान्य घरात मावणार नाही, एक वर्ष उसने आणावे लागेल. कृतज्ञतेने पाऊस पडत नाही, दुखणेही पळत नाही. पण ज्या घरात एकाचे केलेले दुसऱ्यास कळते, त्या घरातले माणूस दुःखात एकटे पडत नाही. एवढे फळ आम्हांस पुरेसे वाटते.

यंदाही त्या गावचे निमंत्रण आहे. ती माउली आली, तर आधी तिच्या पाया पडू. आमच्यासाठी तिने काय केले, ते आता आम्हांस कळले आहे. तिने प्रश्न विचारला.

रामकृष्णहरी.