फिल्टरच्या नोझलची जाडी : ऑर्डरमध्ये राहून गेलेला एक आकडा



ठिबकवर ऊस घेणाऱ्या बहुतेक सभासदांच्या पंपाशेजारी सँड फिल्टरची टाकी उभी असते. पंप चालू असताना तिच्यात दाब असतो, म्हणजे ही दाबाची टाकीच झाली. टाकीची तपासणी आपण पत्रा ठोकून, रंग पाहून करतो. पण टाकी निकामी होते ती बहुधा पत्र्यापाशी नव्हे, तर टाकीला वेल्ड केलेल्या छोट्या पाइपाच्या तुकड्यापाशी. या तुकड्याला 'नोझल' म्हणतात. हवा सोडण्याचा कॉक, प्रेशर गेज आणि तळाचा पाणी काढण्याचा व्हॉल्व्ह यांच्या जोडण्या अशाच असतात.

मागील उन्हाळ्यात एका सभासदाच्या फिल्टरचे तळाचे २५ मि.मी.चे नोझल मुळातून तुटले. बाहेर आलेल्या पाइपावर पाय देऊन गडी वर चढत असे, एवढेच निमित्त. ऐन उन्हात सुरू उसाचे पाणी तीन दिवस तुटले. फिल्टर आमच्याच विभागामार्फत घेतलेला, म्हणून मुंबईला जाणे आम्हाला भाग पडले. लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रोने मरोळ नाका आणि पुढे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील वर्कशॉप.

आम्ही जरा तावातच बोललो. कारागिराने शांतपणे आमचीच ऑर्डर पुढे ठेवली. "साहेब, यात '२५ मि.मी. नोझल' एवढंच लिहिलंय. जाडी कुठं लिहिलीय? टाकी दीडपट दाबाला तपासून दिलीय, थेंबही गळला नव्हता." त्याचे म्हणणे खरे होते. चूक आमच्या कागदात होती.

दाबाला किती जाडी लागते?

हिशेब सोपा आहे. दाब गुणिले पाइपाचा बाहेरचा व्यास, भागिले पोलादाला सोसेल त्या ताणाची दुप्पट. दाब चौरस सेंटिमीटरला ४ किलो, व्यास ३३.७ मि.मी. आणि ताण १,००० किलो धरला, तर उत्तर ०.०७ मि.मी. येते. वेल्डिंगची सूट धरली तरी एक दशांश मिलिमीटरच्या आतच. म्हणून पातळ नोझलही दाबाच्या तपासणीत पास होते. त्याला मारणारा दाब नसतोच.

मग मारतो कोण?

पहिले, आटे. २५ मि.मी. पाइपावर आटे पाडले की सुमारे १.६ मि.मी. जाडी कापली जाते. ए क्लास पाइपाची (पिवळा पट्टा) जाडी २.६, उरते १.०. बी क्लासची (निळा पट्टा) ३.२, उरते १.६. सी क्लासची (लाल पट्टा) ४.०, उरते २.४ मि.मी.

दुसरे, गंज. उरलेल्या जाडीतूनच तो खातो. दाबाखालची खताची टाकी असेल तर अधिकच लवकर.

तिसरे, बाहेरचा बोजा. ६० किलोचा माणूस नोझलपासून फूटभर अंतरावर पाइपावर उभा राहिला, तर आट्याच्या मुळाशी ए क्लास पाइपात चौरस सेंटिमीटरला अडीच हजार किलोच्या वर ताण येतो. साधे पोलाद सुमारे २,४०० किलोला वाकू लागते. सी क्लासमध्ये तोच ताण तेराशे-चौदाशेवर राहतो. लांब पान्याने व्हॉल्व्ह आवळताना हेच होते. आट्याच्या खाचेत चीर पडते आणि पंपाच्या हादऱ्याने ती वाढत जाते.

संहिता काय सांगते?

मरोळलाच भारतीय मानक ब्युरोची 'मानकालय' ही इमारत आहे. विनाआगीच्या दाबपात्रांची भारतीय संहिता आय.एस. २८२५ ही १९६९ ची, आणि पाइपांचे तीन वर्ग आय.एस. १२३९ मध्ये दिले आहेत. अमेरिकन एएसएमई संहिता नोझलची किमान जाडी ठरवताना टाकीच्या पत्र्याला लागणारी जाडी आणि प्रमाण पाइपाची साडेबारा टक्के वजा केलेली जाडी पाहते, व त्यातील लहान आकडा घेऊ देते. गंजाची सूट वेगळी. आपल्यासारख्या कमी दाबाच्या टाकीत हा आकडा लहानच निघतो. बाहेरचा बोजाही धरा असे संहिता सांगते, पण आपल्या शेतावर गडी कुठे पाय देतो हे मुंबईतल्या कारागिराला कसे कळणार? ते घेणाऱ्यानेच सांगायचे. म्हणूनच जाणते खरेदीदार ५० मि.मी. व त्याखालील नोझल शेड्यूल ८० पाइपाचे मागतात. २५ मि.मी.ला ती जाडी ४.५५ मि.मी. भरते.

ऑर्डरमध्ये हे लिहावे

१) ५० मि.मी. व त्याखालील नोझल शेड्यूल ८०. निदान सी क्लास.
२) कोणतेही नोझल २५ मि.मी.पेक्षा लहान नको. गेजसाठी पुढे रिड्यूसर लावावा.
३) नोझल शक्य तितके आखूड, तळाच्या नोझलला पट्टीचा आधार वेल्ड करावा.
४) व्हॉल्व्ह व पुढील पाइपाला स्वतंत्र टेकू. पाइपाचे वजन नोझलवर नको.
५) रंग देण्यापूर्वी जाडी मोजून दाखवावी.

जुना फिल्टर असेल तर

पंप बंद करून दाब पूर्ण सोडावा, व्हॉल्व्ह काढावा आणि २५ मि.मी. नोझलचा आतला व्यास मोजावा. तो २८ मि.मी.च्या पुढे भरला तर पाइप ए क्लासचा, किंवा आतून तितका खाल्लेला समजावा. २६ च्या आत असला तर सी क्लासचा. ए क्लास निघाल्यास हंगाम संपताच बदलून घ्यावा. टाकीत दाब असताना गळक्या नोझलवर वेल्डिंग किंवा पान्याचा जोर कधीही करू नये. वाफेच्या कोणत्याही टाकीला हा उपाय लावू नये. तेथे बॉयलरचे नियम वेगळे आहेत.

नवीन फिल्टरच्या मागणीपत्रात आम्ही आता जाडीचा रकाना घातला आहे. तो कोरा ठेवून कोणी सही करू नये. ज्यांना शंका असेल त्यांनी गट कार्यालयात नाव नोंदवावे. आमचा शेतकी मदतनीस कॅलिपर घेऊन शेतावर येईल.

— ऊस विकास अधिकारी